डबा भरायचा तो घरी मागे राहणाऱ्यांसाठी

भांडुपहून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरात चार वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा, डायबेटिस असलेल्या सासूबाई आणि दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेले सासरे. नवरा-बायको दोघंही सकाळी आठच्या लोकलने निघतात आणि रात्री आठला परततात. जुलैतल्या एका रात्री मुलीला सणकून ताप भरला. बाहेर धो धो पाऊस, मेडिकल बंद. औषधांचा डबा उपडा केला तर नाव कापून गेलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, अर्धवट संपलेल्या सिरपच्या दोन बाटल्या आणि सुकलेलं मलम निघालं. त्यांनी तीन प्रश्न विचारले आहेत. ऑनलाइन तीनेक हजारांना मिळणारं तयार ‘फॅमिली किट’ घ्यावं का? नसेल घ्यायचं तर डब्यात काय काय ठेवावं? आणि शेजारच्या काकांनी लेप्टोच्या (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) गोळ्या व सॉर्बिट्रेट ही छातीत दुखल्यावरची गोळी ‘घरात असू द्या’ म्हणून सांगितलं आहे, ते ठेवावं का?

ताई, तयार किट घेऊ नका. त्या लाल पिशवीत दहा आकारांच्या चिकटपट्ट्या आणि बोथट कात्री असते. तुमच्या सासूबाईंची साखर एकदम उतरली तर त्यातलं काहीच कामाला येणार नाही. त्याच पैशात चांगला थर्मामीटर, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि ड्रेसिंगचं सगळं सामान येईल.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. ‘निदान त्या रात्री मी घरी तरी होते,’ असं तुम्ही लिहिलं आहे. मला काळजी वाटते ती तुम्ही नसाल त्या वेळेची. पालिकेच्या रुग्णालयात मी बरीच वर्षं कॅज्युअल्टीत नोकरी केली. भर दुपारी नातवाला उचलून धावत येणारे आजी-आजोबा तिथे नेहमी दिसत. ‘काय दिलंत?’ असं विचारलं की ‘ती पांढरी गोळी’ असं उत्तर यायचं. मुंबईतल्या कितीतरी घरांत दिवसाचे बारा तास सत्तरीची माणसं आणि पोरंच असतात. म्हणून तुमचा डबा तुमच्या हिशेबाने भरूच नका, सासूबाईंच्या हिशेबाने भरा. प्रत्येक वस्तू आत ठेवताना एवढंच विचारा: चष्मा लावून, घाबरलेल्या अवस्थेत, त्यांना ही वापरता येईल का? नसेल येत, तर तिची जागा दुसरीकडे.

आधी आहे तो डबा रिकामा करा. केमिस्टकडे चार गोळ्या मागितल्या की तो दहाच्या पट्टीतून चार कापून देतो, आणि नाव किंवा एक्स्पायरी उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहते. आठवड्याने तुमच्या हातात राहतो नुसता चंदेरी तुकडा. असले सगळे तुकडे बाद. यापुढे कापलेली पट्टी घेतलीच तर पक्कं बिल मागा. त्यावर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेली असते. घरी आल्याबरोबर पट्टी छोट्या पारदर्शक पिशवीत घाला आणि वर मार्करने मराठीत ठळक लिहा: कशासाठी, कुणासाठी, कधीपर्यंत. ‘तापाची, फक्त मोठ्यांना’ असं लिहिलेलं सासूबाईंना वाचता येईल. कंपनीचं बारीक इंग्रजी नाव वाचता येणार नाही.

पट्टीच्या मागे उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. अँटिबायोटिक्स अशीच वाट्टेल तशी खाल्ली जातात, म्हणून सरकारने २०१६ मध्ये या रेघेची मोहीम काढली होती. ‘मागच्या वेळच्या तीन गोळ्या उरल्यात, लागतील कधीतरी’ म्हणून ठेवलेल्या अँटिबायोटिक्सना डब्यात थारा देऊ नका. तीन गोळ्यांनी आजार बरा होत नाही, जंतू मात्र औषधाला दाद देईनासे होतात.

खोकल्याची आणि सर्दीची सिरपं काढून टाका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी घटक मिसळलेल्या कफ सिरपमुळे लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालच्यांना शक्यतो टाळावीत, असं कळवलं. तुमची मुलगी चार वर्षांची आहे. तिला कोमट पाणी आणि नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब पुरेत. श्वास जोरात चालायला लागला, बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले, तर कुठल्याच सिरपची वाट न बघता दवाखाना गाठायचा. डब्यात नाइमसुलाइड (ताप-दुखण्याचं औषध) सापडलं तर तेही बाद करा. बारा वर्षांखालच्या मुलांना ते द्यायला २०११ पासून बंदी आहे, तरी जुन्या चिठ्ठ्यांच्या आधाराने ते घरोघरी उरलेलं असतं.

टाकायची औषधं संडासात ओतू नका. गोळ्या पट्टीतून काढून उकळलेल्या चहाच्या चोथ्यात मिसळा, पिशवीची गाठ मारा आणि मग कचऱ्यात द्या. बाटल्यांची लेबलं फाडून टाका.

आता तापाकडे येऊ. त्या रात्री तुमची खरी अडचण तिथेच झाली. तुमच्याकडे सिरपच्या दोन बाटल्या होत्या असं लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते. मुलांच्या पॅरासिटामॉलच्या सिरपची ताकद बाटलीगणिक वेगळी असते. एकीत ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम औषध, तर दुसरीत तेवढ्याच ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम. खोकी जवळपास सारखी, चवही तीच. मुलांना एका वेळचा डोस साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत असतो. मुलगी १५ किलोची धरली तर २२५ मिलिग्रॅम. म्हणजे पहिल्या बाटलीतून ९ मिलीच्या आसपास आणि दुसरीतून साडेचार. आता एका बाटलीचा सांगितलेला डोस आजीने दुसऱ्या बाटलीतून दिला तर काय होईल, याचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून घरात एकाच ताकदीची एकच बाटली ठेवायची. मुलीचं वजन करा, तुमच्या डॉक्टरांकडून डोस मिलीमध्ये लिहून घ्या आणि तोच आकडा बाटलीवर चिकटवा. दोन डोसांत सहा तास, दिवसभरात चारपेक्षा जास्त नाही. मोजायला बाटलीबरोबर आलेलं मापाचं झाकण किंवा सिरिंज घ्यायची, घरातला चमचा नको. वजन दर सहा महिन्यांनी पुन्हा करून आकडा बदला. दिलेल्या डोसाची वेळ लगेच कागदावर टिपून ठेवा. दुपारी आजीने दिलेला डोस संध्याकाळी घाईत आलेल्या बाबांना माहीतच नसतो, आणि मग दोनदा औषध जातं.

पावसाळ्यात तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, ऍस्पिरिन किंवा दोन औषधं एकत्र केलेली ‘स्ट्राँग’ गोळी नको. जून ते ऑक्टोबर मुंबईतला कुठलाही ताप डेंग्यूचा असू शकतो आणि डेंग्यूत या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. सासऱ्यांची रोजची रक्त पातळ करणारी गोळी ताप आला म्हणून मनाने बंद करायची नाही; त्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांना फोन करायचा. थर्मामीटर डिजिटल घ्या, पाऱ्याचा फुटला तर नवं संकट.

जुलाब-उलट्यांसाठी ओआरएसची पाकिटं ठेवा, चार-पाच तरी. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार असल्याचं लिहिलेलं बघून घ्या. टेट्रापॅकमधली संत्र्याच्या चवीची गोड पेयं वेगळी, त्यात साखर फार असते आणि जुलाब वाढू शकतात. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर हेच मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपातून पाजून कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले. इतकं साधं आणि इतकं ताकदीचं औषध दुसरं नाही. फक्त ते बरोबर कालवलं पाहिजे. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, सगळंच्या सगळं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकायचं नाही, त्यात मिठाचं प्रमाण बिघडतं आणि लहान मुलाला ते बाधतं. डब्याशेजारी एक लिटरची एक बाटली याच कामासाठी राखून ठेवा. कालवलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

सासूबाईंना जुलाब झाले तर ‘मला साखर आहे, मी हे पिणार नाही’ असं त्या म्हणतील. पुष्कळ आज्या म्हणतात. डायबेटिस असलेल्या माणसालाही शरीरातलं पाणी कमी झाल्यावर ओआरएस लागतं. साखर तपासत राहायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी मात्र मुलांना कधीच द्यायची नाही, आणि ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर मोठ्यांनाही नाही.

जखमेच्या सामानाला फार बुद्धी लागत नाही. निर्जंतुक गॉझचे पाच-सहा सीलबंद चौकोन, दोन रोलर बँडेज, मुरगळण्यासाठी एक क्रेप बँडेज, मायक्रोपोर टेप, चिकटपट्ट्या, पोव्हिडोन आयोडिनचं मलम, धार असलेली कात्री, चिमटा, हातमोजे. कापूस जखमेवर थेट ठेवू नका, धागे चिकटतात. नळाखाली साबणाने धुणं हे कुठल्याही मलमापेक्षा मोठं औषध आहे. रक्त येत असेल तर गॉझ ठेवून दाबून धरायचं, सलग दहा मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. सासऱ्यांच्या बाबतीत यापेक्षाही जास्त वेळ दाबावं लागेल. आणि ते पडले, डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसलं तरी रुग्णालयात न्यायचं. रक्त पातळ असलेल्या माणसाच्या डोक्यात आतल्या आत हळूहळू रक्त साचू शकतं आणि सुरुवातीचे काही तास तो अगदी नीट बोलत असतो. हे घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा.

कुत्रं, मांजर चावलं किंवा नुसतं ओरखडलं, तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, मिरची-हळद काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी पालिकेच्या रुग्णालयात रेबीजची लस सुरू करायची.

भाजल्यावर वीस मिनिटं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांतलं काहीही नको. तुमच्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येतं असं दिसतंय, म्हणून मोरीत एक भरलेली बादली आणि पाणी ओतायला एक मग कायम राखून ठेवा. धार बारीक असली तरी चालेल, सलग हवी. बांगड्या, अंगठी सूज यायच्या आत काढा. फोड फोडू नका. वरून धुतलेला सुती कपडा सैल गुंडाळा. स्वतःच्या तळहाताएवढ्या भागापेक्षा जास्त भाजलं असेल, किंवा चेहरा, हात, जांघ भाजली असेल, तर घरी थांबू नका.

सासूबाईंसाठी डब्यात ग्लुकोज पावडरचा छोटा डबा आणि त्यावर एक चिठ्ठी: ‘घाम, थरथर, चक्कर, असंबद्ध बोलणं: साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन सपाट चमचे ग्लुकोज पाण्यातून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. सुधारल्यावर पोळी किंवा भात द्या.’ हे तुमच्या दहा वर्षांच्या मुलाला शिकवा, त्याला नक्की जमेल. मीटर चालेना तर तपासणीसाठी अडून बसायचं नाही, ग्लुकोज द्यायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन करायचा. सासूबाई ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील तर साखर सुधारल्यावर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्या दिवशी डॉक्टरांशी बोलायचंच. मीटरच्या पट्ट्यांची बाटली घट्ट बंद ठेवा, आपल्या दमट हवेत त्या लवकर खराब होतात आणि चुकीचा आकडा दाखवतात.

शेजारच्या काकांचं सॉर्बिट्रेट. ज्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय त्यानेच घ्यायचं, इतरांना छातीत दुखलं म्हणून द्यायचं नाही. त्याने रक्तदाब झपकन खाली येतो आणि माणूस उभा असेल तर कोसळतो. सासऱ्यांसाठी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना दोन गोष्टी लेखी विचारा: छातीत दुखल्यास सॉर्बिट्रेट घ्यायचं का आणि किती, व ऍस्पिरिनची जादा गोळी चावून खायची का. उत्तराचा कागद डब्यात ठेवा. दुखणं छातीतून हातात, जबड्यात सरकतंय आणि घाम सुटलाय, तर त्यांना बसतं करायचं, जिना उतरवत न्यायचं नाही, पहिला फोन १०८ ला आणि दुसरा तुम्हाला. तुमच्या गल्लीत रुग्णवाहिका शिरत नसेल तर ती कुठपर्यंत येते, खाली कोण उभं राहणार आणि खुर्चीत बसवून कोण उतरवणार, हे सोसायटीतल्या दोन तरुण मुलांशी आधीच बोलून ठेवा.

लेप्टोच्या गोळ्या घरात नकोत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पुढच्या महिन्यात आमचे वॉर्ड लेप्टोच्या रुग्णांनी भरले, तेव्हापासून मुंबईकर या आजाराला भितात, आणि ते योग्यच आहे. पण साचलेल्या पाण्यातून चालल्यावर प्रतिबंधाची गोळी घ्यायची की नाही, ते पायाला जखम होती का, किती वेळ पाण्यात होता, वय काय, गरोदर आहे का, यावर ठरतं. ही गोळी, म्हणजे डॉक्सिसायक्लिन, गरोदर बाईला आणि लहान मुलाला देत नाहीत. पालिकेच्या दवाखान्यात हे तपासून गोळी फुकट मिळते, मात्र २४ ते ७२ तासांच्या आत गेलं पाहिजे. घरी आल्यावर पाय साबणाने धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर ‘मी पाण्यातून चाललो होतो’ हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता त्यांना सांगा.

डबा कुठे ठेवायचा, यात तुमच्या घरात ओढाताण होणार. खाली ठेवला तर चार वर्षांच्या मुलीच्या हाती लागेल, माळ्यावर ठेवला तर सासूबाई स्टुलावर चढतील आणि पडतील. बाहेरच्या खोलीतल्या कपाटात सासूबाईंच्या खांद्याच्या उंचीवर ठेवा, दाराला वरच्या बाजूला कडी लावा. सासू-सासऱ्यांची रोजची औषधं त्यात मिसळू नका, त्यांना वेगळा डबा. उशाशी ठेवलेल्या याच गोळ्यांनी मुलांना विषबाधा होऊ शकते. गॅसच्या वरचं फडताळ, फ्रिजचा माथा आणि बाथरूम या तिन्ही जागा वाईट. उष्णता आणि ओल दोन्ही गोळ्यांना मारक. इन्सुलिन असेल तर न उघडलेलं फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, फ्रीजरजवळ नाही.

झाकणाच्या आत एक कागद चिकटवा, मोठ्या अक्षरांत. १०८. पालिकेच्या आपत्ती कक्षाचा १९१६. दोन्ही डॉक्टरांचे नंबर, शेजारचा एक, ओळखीच्या रिक्षावाल्याचा एक. घराचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण, कारण घाबरल्यावर माणूस स्वतःचा पत्ता विसरतो. कुणाला कशाची ॲलर्जी, कोण कुठलं औषध रोज घेतं. मग एका रविवारी सासूबाईंना डबा उघडायला लावा आणि विचारा, ‘आई, छोटीला ताप आलाय, काय कराल?’ त्या कुठे अडतात ते बघा आणि तेवढंच बदला. तारखा वर्षातून दोनदा तपासा, पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीच्या साफसफाईत.

गणपतीला गावी जात असाल तर डबा घरीच राहू द्या. पिशवीत पॅरासिटामॉल, ओआरएस, गॉझ, सासू-सासऱ्यांची औषधं दोन दिवस जास्तीची आणि चिठ्ठ्यांचा फोटो एवढं पुरे. साप-विंचवासाठी पिशवीत ठेवण्यासारखं काही नसतं. सर्पदंशाची जागा कापायची नाही, आवळून बांधायची नाही, हात-पाय न हलवता रुग्णालयात न्यायचं. विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा उपचार रूढ केला आणि कोकणात असंख्य जीव वाचले, पण तेही रुग्णालयातच द्यायचं असतं. सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे आणि रात्री तिथे जायला गाडी कुणाची मिळेल, हे गावी पोचल्या दिवशीच विचारून ठेवा.